‘इतर’च्या रकान्यातल्या आत्याबाई

आत्याबाईंना ताप किती आहे असं विचारलं, की त्या आधी स्वप्न सांगायच्या. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार एवढा एक आकडा त्यांच्याकडून काढायला मला दहा-दहा मिनिटं फोन कानाशी धरून बसावं लागे. त्या दहा मिनिटांत पिंगळी गावच्या स्टेशनात गाडी येई, गाडीत नुसत्या बायका बसलेल्या असत, प्रत्येकीच्या मांडीवर एकाच गोधडीचा एकेक कोपरा असे आणि त्या सगळ्या इंजेक्शनच्या सुईनं त्या गोधडीला टाके घालत असत. "दोरा कुठून आणला म्हून इचारलं, तर एक जण म्हणली, दवाखान्यातून," इथवर सांगून झालं की मग त्या अगदी सहज म्हणायच्या, "आन् ताप न्हाई बरं का. लिही तुजं." मी लिहायची. माझ्यासमोरच्या कागदावर तापाचा रकाना होता, हात दुखण्याचा होता, डोकं दुखण्याचा होता. गोधडीचा नव्हता.

हे करोनाच्या पहिल्या हिवाळ्यातलं. परभणीच्या एका दवाखान्यात लशीची चाचणी सुरू झाली होती आणि मी तिथं मदतनीस म्हणून लागले होते. जे लोक आपण होऊन टोचून घ्यायला तयार होतील त्यांची नावं लिहायची, महिन्याच्या अंतरानं दोन सुया झाल्या की वर्षभर त्यांच्या मागं लागून कोणाला काय होतंय ते टिपायचं, असं ते काम. निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे त्यांना ठाऊक नाही, मला नाही, आमच्या डॉक्टर सरांनाही नाही. ते पुण्यात बंद पाकिटात. वर्षभरात मिठाच्या पाण्यावाले किती आजारी पडले आणि लसवाले किती, हे ताडून बघितलं की लस कामाची आहे की नाही ते कळणार होतं.

मी ताडकळस गावची. लहानपणापासून वह्या-पुस्तकांना कव्हर घालणारी, रेघ चुकली तर पान फाडणारी. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, इथं पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे. मला हा नियम इतका आवडला की घरच्या वाणसामानाच्या यादीवरही मी तसंच करायला लागले. आई म्हणाली, "साखरंवर सही कामून करायलीस?" अशा माझ्या पदरात देवानं आत्याबाई टाकल्या.

त्या अख्ख्या पिंगळीच्या आत्याबाई होत्या. लग्न होऊन वर्षभरात माहेरी परत आल्या, त्या पुन्हा सासरचं नाव न घेता तिथंच राहिल्या. पाठचा भाऊ आई गेल्यावर त्यांनीच वाढवला होता. पुढं भावाच्या मुलांच्या त्या आत्या, मग मुलांच्या दोस्तांच्या, मग गल्लीच्या, मग पोस्टमनच्याही. सातवीपर्यंत शिकलेल्या, साठीला टेकलेल्या, थोडी साखर असलेल्या. कापूस वेचताना पुढच्या ओळीत असायच्या, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि त्यांच्या हाताची पकड बघता ते खरं असावं.

आमच्याकडे बहुतेक लोक कोणाच्या तरी सांगण्यावरून, जरा बिचकत येत. आत्याबाई पुतण्याच्या मोटारसायकलवरून उतरल्या आणि थेट माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "माज्यावर करून बघा." मला कळेना, काय करून बघायचं. मग त्यांनी खुर्चीवर बसून, पदर नीट करून सांगितलं. पहिल्या लाटेत त्यांचा भाऊ गेला. दवाखान्यात त्याला आत नेताना त्यांनी एका डॉक्टरला विचारलं होतं, ह्याच्यावर औषध हाय का? तो डॉक्टर खरा माणूस असावा. तो म्हणाला, मावशी, औषधं पुष्कळ आहेत, पण ती ह्या रोगावर करून बघितलेली नाहीत, त्यामुळं सांगता येत नाही. "मी तितंच उभी ऱ्हायले माय. इतक्या मोठ्या दुनियंत कुणीच कुणावर करून बघितलं न्हाई? मंग कुणीतरी पायजे ना. म्हून आलेय." मी माझ्या कागदावर ‘सहभागाचं कारण’ या रकान्यात काय लिहावं याचा विचार करत होते. शेवटी ‘स्वेच्छा’ लिहिलं.

सुईचा दिवस नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला. "जेवून आलात का?" हा माझ्या यादीतला पहिला प्रश्न. "व्हय," त्या म्हणाल्या. मी खूण केली आणि रजिस्टरात शेहेचाळीस नंबरावर त्यांचं नाव चढवलं. आमच्याकडे ज्या नंबरावर नाव, त्याच नंबराच्या खोक्यातली सुई त्या माणसाला, आणि खोकी क्रमानंच उघडायची. खोकं उघडायच्या आतच आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला आणि त्या बाकाच्या कडेला धरून खाली बसल्या. सरांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, आणि तासभर पडून राहू द्या म्हणाले.

त्यांच्या मागच्या नंबराला एक ऊसतोड कामगार होता, पस्तिशीचा. गंगाखेडकडच्या उसाच्या फडावरून एका दिवसाची सुट्टी काढून आला होता आणि त्याला परतीची एसटी गाठायची होती. मी मघापासून त्याची चुळबुळ बघत होते. पण तो उठला तो माझ्याकडे नाही आला, आत्याबाईंकडे गेला. "आक्का, जेवल्या न्हाईत न्हवं?" त्यानं विचारलं. "गुरवार धरलाय का? माजी बायको बी धरती." मग त्यानं उपरण्याची गाठ सोडली, आतून गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे काढले. "खावा. हे चालतंय उपासाला." त्यांनी खाल्लं. तासभर थांबायचं तर त्याची एसटी चुकली असती, म्हणून मी आत्याबाईंच्या नावावर एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख टाकली, आणि शेहेचाळिसावर त्याचं नाव लिहिलं. आत्याबाई सत्तेचाळिसाव्या झाल्या. या सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील.

त्यांना तरतरी आल्यावर मी चांगलंच झापलं. खोटं कशाला सांगितलंत, इथं उपाशी पोटी चालत नाही, काही झालं असतं म्हणजे? आत्याबाईंना माझाच अडाणीपणा वाटला. "वर्षाचा नेम हाय ना ह्यो? तुमीच म्हणले. मंग संकल्प उपाशी पोटीच सोडायचा असतोय. पोटभर जेवून कुणी नेम धरतंय का बाई?" गुरुवार तर होताच, पण तो सोमवार असता तरी त्या उपाशीच आल्या असत्या. सर हसू दाबत खिडकीकडे वळले. महिन्यानं दुसऱ्या सुईला मात्र मी माझ्या समोर बसवून त्यांना भाकरी खायला लावली आणि मगच खूण केली.

सुई झाली की आम्ही प्रत्येकाला एक पातळ डायरी द्यायचो. सात दिवस, रोज एक पान: ताप, हात, डोकं, थकवा आणि सगळ्यात खाली ‘इतर’. बाकीच्यांच्या डायऱ्यांत ‘इतर’ समोर रेघ असायची किंवा फार तर ‘पातळ परसाकडं’ असं काही. आत्याबाईंच्या पहिल्याच पानावर होतं, ‘थर्मामीटर पेरला. उगवला. बोंडं लय लागली.’ दुसऱ्या पानावर गोधडीची गाडी. तिसऱ्यावर फक्त, ‘भाऊ आलता.’ मी त्यांना सांगितलं, इथं शरीरात काही वेगळं झालं तर लिहायचं. त्या म्हणाल्या, "मंग सपान काय शरीराच्या भाईर पडतंय?" मी तेच वाक्य पुन्हा, जरा आवाज चढवून म्हटलं.

कागद जसाच्या तसा पुण्याला जायचा. महिन्याभरात तिकडून विचारणा आली: ‘सहभागी क्रमांक सत्तेचाळीस, इतर: थर्मामीटर उगवला. कृपया लक्षण स्पष्ट करावे.’ मला रडू यायचं बाकी होतं. मी चिठ्ठी घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि उत्तर लिहून दिलं: ‘सहभागी व्यक्तीस चांगली झोप लागते.’

सात पानं संपली तशी आत्याबाईंनी दोनशे पानी वही आणली, फूटपट्टीनं स्वतः रकाने आखले आणि रोजचं लिहिणं चालू ठेवलं. अहो, एवढंच पुरे, आता फक्त आठवड्याला फोनवर विचारायचं असतं, असं मी परोपरीनं सांगितलं. पण नेम वर्षाचा आणि लिहायचं सात दिवस, हे त्यांच्या हिशेबात कुठं बसत नव्हतं. सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी थर्मामीटर काखेत. तो काखेत असताना स्वप्न आठवायचं, वाजला की आधी स्वप्न लिहायचं मग आकडा. फोनवर आकडा नेहमी मागून का यायचा ते मला तेव्हा कळलं.

हळूहळू मी त्या फोनची वाट बघायला लागले, हे कबूल करायला हवं. दिवसभर नंबर आणि सह्या केल्यावर कोणीतरी सांगतंय की दुधना नदीत पाण्याच्या जागी कापूस वाहतोय आणि पलीकडच्या काठावरून लोक नावं पुकारतायत, हे ऐकत बसावंसं वाटे. खिडकीतून ऊन यायचं, फोन गरम व्हायचा, आणि आत्याबाईंचा आवाज असा संथ यायचा की परभणीतले रस्तेसुद्धा पाण्याखाली गेल्यासारखे वाटायचे. सर दारातून बघायचे आणि निघून जायचे.

भाऊ मात्र प्रत्येक स्वप्नात एकाच जागी असायचा. पिंगळीच्या फलाटावर. तेव्हा पॅसेंजर गाड्या बंद होत्या, पिंगळीला काहीच थांबत नव्हतं. "जागंपणी थांबंना, सपनात रोज थांबायलीय," त्या म्हणायच्या. गाडी थांबायची, आत्याबाई उतरायच्या, भाऊ समोर उभा. तोंडाला मास्क. दवाखान्याच्या दारात शेवटचा बघितला होता तसाच. "निस्ते डोळे दिसत्यात. म्या म्हणते, काढ की रं ते. काढंना. बोलंना." मी विचारलं, मग तुम्ही काय करता? "काय करते? गाडीत बसते, वापस येते. दुसऱ्या दिशी परत जाते."

उन्हाळा लागता लागता सरकारी लस आली, आधी म्हाताऱ्यांना आणि साखर असलेल्यांना. आमच्या चाचणीतल्या ज्यांचा नंबर तिथं लागत होता त्यांना आम्ही सांगायचं होतं, की हवं तर तुमचं पाकीट उघडून बघू. मिठाचं पाणी निघालं तर लगेच खरी लस घ्या. रोज दोन-चार जण यायचे, पाकीट उघडायचं, चाचणीतून नाव कमी व्हायचं. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण असेच सगळे गेले तर ताडून बघायला उरणार कोण, अशी काळजी सगळ्यांच्या तोंडावर दिसायची.

मी आत्याबाईंना फोन केला. "पाकीट उघडू या का?"

"नेम किती दिसांचा?"

"वर्षाचा. पण आता सूट आहे. कोणी नावं ठेवणार नाही."

"नावं कुणाला ठिवायचीत माय? मी कबूल केलंय. अर्ध्यात पाकीट उघडून बघायला तो काय लग्नाचा आहेर हाय?"

दोन दिवसांनी मी पुन्हा फोन केला, साखर आहे, वय आहे, धोका आहे, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू काळजी करायलीस, कळतंय मला. पर म्या न्हाई म्हणते." मी ‘समजावले, नकार’ असं लिहिलं आणि खाली सही केली. तिसऱ्यांदा फोन केला नाही. तिसऱ्यांदा करायला हवा होता. एक नाव तरी टिकलं, या विचारानं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

चैत्रात दुसरी लाट आली आणि परभणीत खाटा मिळेनाशा झाल्या. एका सकाळी आत्याबाईंचा फोन आला. मी वही उघडली, खुर्चीत मागं टेकले.

"एकशे एक," त्या म्हणाल्या.

मी थांबले. पुढं काहीच आलं नाही. "आणि स्वप्न?" मी विचारलं.

"आज न्हाई पडलं."

आत्याबाईंनी आधी ताप सांगितला होता. मी चपला घालायच्या आत सरांना फोन लावला होता.

खाट मिळाली, ऑक्सिजनही मिळाला. मी रोज तो पांढरा झगा चढवून आत जायची आणि घामानं भिजून बाहेर यायची. झग्यात मला त्या ओळखायच्या नाहीत, आवाजावरून ओळखायच्या. एव्हाना उपचार बदलले होते. पहिल्या लाटेत ज्या औषधांसाठी लोकांनी जिवाचं रान केलं होतं, त्यांतली काही तपासून बघितल्यावर निकामी ठरली होती आणि यादीतून गेली होती. एक साधं, जुनंच, सूज उतरवणारं औषध मात्र टिकलं होतं. सरांनी ते चालू केलं तेव्हा आत्याबाईंनी नळीमागून विचारलं, "ह्ये करून बघितलंय का?"

"बघितलंय. पुष्कळ जणांवर."

"माज्यावानी आलते ते बी?"

"तुमच्यासारखेच आले होते," सर म्हणाले, आणि ऑक्सिजनचा आकडा बघायला वाकले.

पहिले अकरा दिवस असेच गेले. मी ‘इतर’ समोर रोज ‘स्वप्न नाही’ असं लिहायची. पुण्याहून सूचना आली की ‘निरंक’ असं लिहावं. मी त्या ‘स्वप्न नाही’वर रेघ मारली, सही केली, ‘निरंक’ लिहिलं. खालचं वाचता येत होतं. बाराव्या दिवशी आत्याबाईंचा डोळा लागला आणि उठल्यावर त्या म्हणाल्या, "गाडी आलती. पर म्या बसले न्हाई. पायात चपलाच न्हवत्या." मी बाहेर येऊन झग्यासकट जिन्यावर बसले आणि मनसोक्त रडले.

त्या घरी गेल्या, पण पूर्वीचा दम काही परत आला नाही. फोनवर बोलताना मधे मधे थांबायच्या. गोधडीची गाडी सांगायला आता वीस मिनिटं लागायची. मी वीस मिनिटं ऐकायची.

वर्ष सरलं. पुन्हा मार्गशीर्ष आला आणि पुण्याहून सगळी पाकिटं उघडल्याची यादी आली. लस चालते, असा निकाल लागला होता. आमच्या खोलीत टाळ्या झाल्या, सरांनी पेढे मागवले. मी पेढा हातात धरून यादीत सत्तेचाळीस शोधला. मिठाचं पाणी. ते मला चैत्रातच वाटलं होतं. मग उगीच, सवयीनं, मी रजिस्टर काढून त्या पानावर नंबर पडताळायला लागले, आणि शेहेचाळीसवर माझं बोट थांबलं. तिथं एक आडवी रेघ होती, शेजारी माझी सही. रेघेखाली आत्याबाईंचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. शेहेचाळीसला खरी लस होती.

मी पेढा खाल्ला नाही. त्या दिवशी त्या जेवून आल्या असत्या तर. मी ‘व्हय’ ऐकून खूण करण्याआधी त्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं असतं तर. नुसत्या एका रेघेनं खोकं इकडचं तिकडं झालं होतं.

त्याच आठवड्यात आत्याबाईंनी आम्हाला पिंगळीला बोलावलं. गुरुवारी पुतण्याच्या बायकोचं लक्ष्मीचं उद्यापन होतं, म्हणून त्यांनी आपलं, सुईच्या नेमाचं, आदल्या दिवशी ठेवलं होतं. सहभागी लोकांकडून काही घ्यायचं नाही असा आमचा नियम. मी तो सरांना वाचून दाखवला. सर म्हणाले, "उद्यापनाला न जाणं हे कुठल्या नियमात बसतं?" आणि गाडीत बसले.

ओसरीवर पाटाभोवती रांगोळी काढली होती. पाटावर दोनशे पानी वही, तिच्यावर थर्मामीटर, थर्मामीटरला हळद-कुंकू. सर त्या पाटाला वाकून नमस्कार करतील असं मला वाटलं नव्हतं, पण त्यांनी केला. जेवायला पुरणपोळ्या. आत्याबाई स्वतः वाढत होत्या, चार पावलं चालून खांबाला धरत होत्या. जेवणं झाल्यावर माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता पाकीट वाच."

मी वाचलं. मिठाचं पाणी.

आत्याबाईंनी विचारलं, "मंजी मी बिमार पडले ते...?"

"ते मोजलं गेलं, आत्याबाई," सर म्हणाले. "मिठाच्या पाण्यावाले आजारी पडले आणि लसवाले फारसे पडले नाहीत, म्हणून तर लस खरी हे कळलं."

"मंजी कामाला आलं."

"आलं. पुढच्या सोमवारी तुम्हाला खरी लस देऊ."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. एका सहभागी माणसाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. पण ती रेघ मला झोपू देत नव्हती. मी सांगून टाकलं: त्या दिवशी तुम्ही उपाशी होतात, तुम्हाला आडवं केलं, मी तुमचं नाव खोडून तुमच्या जागी दुसऱ्याला घेतलं. खरी सुई तुमची होती. माझ्यामुळं ती गेली. सरांनी मला अडवलं नाही.

आत्याबाईंनी विचारलं, "तो उसाचा गडी का?"

मी मान हलवली.

"बरा हाय का तो?"

"बरा आहे. फडावर सगळे आजारी पडले, त्याला काही झालं नाही."

आत्याबाईंनी खांबाला डोकं टेकलं आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला, दिवसभराचं वेचून झाल्यावर बाईमाणूस बांधावर टेकतं तसा. "त्यानं मला गूळ दिलता," त्या म्हणाल्या. "म्या काय न्हाई दिलं तवा. आन् तू म्हणतीस, सुई गेली. गेली कुठं? भाऊच हाय की तो बी कुणाचा तरी." मग उठून आत गेल्या आणि डब्यात चार पोळ्या घालून बाहेर आल्या. "ह्या त्याला दे."

मी डबा घेतला. दोन दिवसांनी तो शेवटच्या तपासणीला आला तेव्हा त्याच्यापुढं ठेवला. कोणाचा, म्हणाला. "गुरुवारवाल्या आक्कांचा," एवढंच मी सांगितलं. त्यानं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "त्या दिशी लय कळा गेली व्हती त्यांची," तो म्हणाला. "बऱ्या हायेत ना?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. त्यानं तिथंच उभ्यानं एक पोळी खाल्ली आणि बाकीच्या बायकोसाठी बांधून घेतल्या.

सोमवारी आत्याबाई आल्या. जेवून आलात का, मी विचारलं. "दोन भाकरी खाल्ल्यात, पायजे तर पोट दाबून बघ." सुई झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. त्या वेळात त्यांनी गाडीचं नवं स्वप्न सांगितलं. पिंगळीला खऱ्या गाड्याही आता परत थांबायला लागल्या होत्या. "काल भाऊ व्हता फलाटावर. म्या उतरले तसं त्यानं तोंडावरचं काढलं."

माझं लिहिणं थांबलं. "मग? काय बोलला?"

"म्हणला, आक्का, जेवलीस का?"

एवढं सांगून त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ताप न्हाई बरं का. लिही."

आत्याबाई गेल्या त्याला दोन हिवाळे झाले. खोकल्याचं निमित्त झालं. छाती तेव्हापासून दुबळीच होती. पुतसुनेचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीसाठी दूर गेलेली होते. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिनं वही माझ्या हातात दिली. पुण्याला ती पाठवायची नव्हती, म्हणून ती माझ्याकडंच आहे.

आता मी ज्या टेबलावर बसते त्याच्या खणात एका डब्यात गूळ-शेंगदाणे असतात. समोर माणूस येऊन बसला की यादीतला पहिला प्रश्न अजून तोच आहे. मी तो विचारते, पेन खाली ठेवते आणि त्याच्या तोंडाकडं बघते. "जेवलात का?"